ग्राहकयादी आणि अचौर्य

एप्रिल 2022 मध्ये आभासी चलनाच्या ‘ट्रेझर’ वॉलेटच्या ग्राहकांना बनावट ई-मेल आले. सुरक्षेचे भय दाखवून नवे अ‍ॅप घ्यायला लावायचे आणि वॉलेटचे गुप्त शब्द काढून घ्यायचे, हा डाव होता. माग काढता मूळ ‘मेलचिंप’ या ई-मेल सेवेत सापडले. तेथील कर्मचाऱ्यांना फसवून 102 खात्यांतील ग्राहकयाद्या पळविल्या गेल्या होत्या.

घाटकोपर-मुलुंडच्या पेढ्यांतही ग्राहकांचे पत्ते असतात. ती विश्वासाने दिलेली ठेव आहे. चोरीचा माल घेणे हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार होय. म्हणून प्रचारासाठी कोणी आयती ग्राहकयादी विकू लागल्यास, ती आली कोठून, हे व्यापाऱ्याने आधी विचारावे. फसवणूक झाल्यास 1930 वर तत्काळ कळवावे.