वैद्यकीय सेवांची दर-पारदर्शकता
वैद्यकीय सेवांची दर-पारदर्शकता : तपासणी, शस्त्रक्रिया, औषधे व रुग्णालयातील वास्तव्य यांचे दर उपचारांपूर्वी रुग्णास कळतील अशा रीतीने जाहीर करणे आणि नंतरचे देयक त्या दरांशी पडताळता येईल अशी व्यवस्था ठेवणे, यास दर-पारदर्शकता म्हणतात. इतर बाजारांत ग्राहक भाव विचारतो, घासाघीस करतो आणि न पटल्यास दुसऱ्या दुकानी जातो. रुग्णास हे मार्ग बहुधा बंद असतात. कारण कोणती सेवा आवश्यक आहे हे ठरविणारा व ती पुरविणारा वैद्य एकच असतो. या क्षेत्रातील अनिश्चितता आणि वैद्य व रुग्ण यांच्या माहितीतील विषमता यांचे विवेचन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये केले.

नांदेड व लातूर : मराठवाड्यातील ही दोन शहरे आसपासच्या जिल्ह्यांची, तसेच तेलंगण व कर्नाटक यांच्या सीमाभागांची उपचारकेंद्रे आहेत. नांदेड येथे १९८८ मध्ये व लातूर येथे २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. त्यांच्या जोडीला खाजगी रुग्णालयेही मोठ्या संख्येने आहेत. खेड्यातून येणाऱ्या रुग्णाच्या खर्चात देयकाखेरीज प्रवास, सोबतच्या माणसाचे जेवणखाण व बुडालेली मजुरी यांचीही भर पडते. सोयाबीन, तूर यांसारख्या कोरडवाहू पिकांचा पैसा हंगामानंतरच हाती येतो. आजार मात्र हंगाम पाहून येत नाही. त्यामुळे अनामत रक्कम भरण्यासाठी उसनवारी करणे, व्याजाने पैसे काढणे किंवा जनावर विकणे भाग पडते. खर्चाचा अंदाज आधी मिळणे ही येथे केवळ सोय नसून कुटुंबाच्या स्थैर्याचा प्रश्न असतो.

कायदेशीर तरतुदी : केंद्राच्या वैद्यकीय आस्थापना अधिनियमाखाली (२०१०) केलेल्या २०१२ च्या नियमांत दरपत्रक स्थानिक व इंग्रजी भाषांत ठळकपणे लावण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राने तो अधिनियम स्वीकारलेला नाही. येथे शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ लागू असून त्याखालील नियमांत २०२१ साली सुधारणा झाली. तीनुसार प्रवेशशुल्क, खाट, वैद्याची भेट, शस्त्रक्रियागृह, भूल, शुश्रूषा, प्राणवायू इ. १५ बाबींचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. मात्र या नियमांनी दर किती असावा हे ठरविलेले नाही. तो लपवू नये एवढेच सांगितले आहे.

दरांवर प्रत्यक्ष मर्यादा घातली गेली ती कोविड-१९ च्या साथीत. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खाजगी रुग्णालयांतील विलगीकरण कक्षासाठी प्रतिदिनी ४,००० रु., कृत्रिम श्वसनयंत्राविना अतिदक्षता विभागासाठी ७,५०० रु. व यंत्रासह ९,००० रु. असे कमाल दर ठरले. जून २०२१ मध्ये शहरांचे वर्ग पाडण्यात आले. नांदेड व जिल्ह्याचे ठिकाण म्हणून लातूर ही ‘ब’ वर्गात येऊन तेथे हे दर अनुक्रमे ३,०००, ५,५०० व ६,७०० रु. झाले. ही व्यवस्था साथीपुरतीच होती.

साहाय्याचे मार्ग : राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. लातूरसह उर्वरित राज्यास ती नोव्हेंबर २०१३ मध्ये लागू झाली. दरवर्षी प्रतिकुटुंब दीड लाख रु. पर्यंतचे ठराविक उपचार तीत विनामूल्य होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने मर्यादा पाच लाख रु. करून सर्व कुटुंबांचा समावेश करण्यात आला. मान्यताप्राप्त रुग्णालयातील ‘आरोग्यमित्र’ शिधापत्रिका व ओळखपत्र पाहून नोंद करतो. किरकोळ आजार, बाह्यरुग्ण तपासणी व नित्याची औषधे यांचा खर्च मात्र सर्वसाधारणपणे रुग्णावरच राहतो.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क करण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवावयाच्या असतात. औषधांच्या बाबतीत २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाने अत्यावश्यक औषधांच्या कमाल किमती ठरतात, तर जनौषधी केंद्रांत मूळ नावाची औषधे स्वस्त मिळतात.

मर्यादा : दरफलक लावल्याने रुग्णाची अडचण आपोआप दूर होत नाही. सुट्या बाबींचे दर वाचून एकूण खर्च किती होईल हे त्यास उमगत नाही. त्यातच तातडीच्या वेळी फलक वाचण्याची उसंत नसते. योजनेची माहिती अनामत रक्कम भरल्यानंतर मिळाली, तर काढलेले कर्ज तसेच राहते. म्हणून दाखल होतानाच योजनेतील पात्रता तपासणे, एकूण खर्चाचा लेखी अंदाज घेणे, उपचार बदलल्यास सुधारित अंदाज मागणे व अखेरीस बाबवार देयक मिळविणे इष्ट ठरते. दर केवळ जाहीर असून भागत नाही. तो निर्णयापूर्वी व रुग्णाच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोहोचला, तरच पारदर्शकतेचा हेतू साध्य होतो.