विश्लेषण : डॉक्टर, इंजिनिअर परदेशात सेवेला का जातात? या चळवळीचे कोल्हापूरशी नाते काय?

न्यू शाहूपुरीतले वायल्डर मेमोरियल चर्च कोल्हापूरकरांना नवे नाही. नाताळ आला की तिथले फोटो आपल्या स्टेटसवर असतातच. पण हे वायल्डर कोण, असे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. या घरातल्या, कोल्हापुरात जन्मलेल्या एका मुलाने पुढे अमेरिकेत जी चळवळ उभी केली, तिच्यातून वीस हजारांहून अधिक शिकलेले तरुण चर्चच्या कामासाठी परदेशात गेले. चर्चच्या संस्थांमार्फत परदेशी सेवेला जाणारे आजचे डॉक्टर, नर्स, शिक्षक, इंजिनिअर हे बऱ्याच अंशी त्याच परंपरेतले.

वायल्डर कोण होते?

रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकी मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. धर्मप्रचाराबरोबर त्यांनी शाळांचे काम केले. त्यांचा मुलगा रॉबर्ट याचा जन्म १८६३ मध्ये कोल्हापुरातच झाला. शाळकरी वयात तो अमेरिकेला गेला आणि प्रिन्स्टनमधून पदवीधर झाला. १८८६ च्या जुलैमध्ये मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे सुमारे अडीचशे विद्यार्थ्यांचे शिबिर भरले होते. ते संपेपर्यंत, रॉबर्टच्या पुढाकारामुळे, शंभर जणांनी परदेशी मिशनमध्ये जाण्याची तयारी लिहून दिली. यातूनच १८८८ मध्ये ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ ही संघटना रीतसर उभी राहिली. कॅम्पस प्लेसमेंटच्या रांगेत उभे राहिलेल्या माझ्यासारख्याला ही सह्यांची रांग जरा विचित्रच वाटते.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. तेव्हाचा ‘व्हॉलंटियर’ सुट्टीत पंधरा दिवस जाणारा नव्हता. मिशन बोर्ड त्याला निर्वाहापुरता पगार देई आणि तो बहुधा आयुष्यभरासाठी जाई. शिवाय चळवळीचा हेतू उघडपणे धर्मप्रचाराचा होता. दवाखाना, शाळा, शेती ही त्याची साधने होती. हे झाकून या विषयावर बोलता येत नाही.

मिरजेत काय घडले?

कोल्हापूरपासून साधारण पन्नास किलोमीटरवर याच काळातले सर्वात मोठे उदाहरण आहे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस न्यूयॉर्कमधून वैद्यकीय पदवी घेऊन १८८९ मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. सुरुवात सांगलीतल्या छोट्या दवाखान्यापासून झाली. १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे राहिले. जागा मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी दिली, तर इमारतीसाठी पैसा फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांच्याकडून आला. कोल्हापूर, सांगली आणि कर्नाटक सीमाभागातल्या जुन्या लोकांच्या तोंडी आजही ‘मिरजेचे मिशन हॉस्पिटल’ असते ते हेच.

पण वानलेस यांचा खरा वेगळेपणा पुढच्या पावलात आहे. रुग्णालय सुरू होऊन तीनच वर्षे झाली असताना, १८९७ मध्ये, त्यांनी वैद्यकीय शाळा काढली. आपण एकटे किती शस्त्रक्रिया करणार, हा हिशेब त्यामागे असावा. शिकवलेला माणूस दुसऱ्या गावी जाऊन दवाखाना थाटतो, परदेशी डॉक्टर मायदेशी परतला तरी तो इथेच असतो. पुढे कुष्ठरुग्णांसाठी सोय झाली, १९२० मध्ये क्षयरुग्णालय आले आणि वानलेसवाडी हे नावच पडले. १९२८ मध्ये ते निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांना ‘सर’ किताब मिळाला. १९३३ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष रुग्णतपासणीच्या शिक्षणात या रुग्णालयाचा हातभार होता.

दुसरी बाजूही आहे. बाहेरच्या देणगीवर आणि बाहेरच्या माणसांवर उभी राहिलेली संस्था तो ओघ आटल्यावर चालवायची कशी? मिशन हॉस्पिटल अलीकडच्या वर्षांत आर्थिक अडचणींमुळे बातम्यांत आले, तेव्हा हाच प्रश्न समोर होता.

मग दुसरी पद्धत कोणती?

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी वेगळी वाट धरली. ते १९४८ मध्ये भारतात आले. पाणलोट विकासाच्या इंडो-जर्मन कार्यक्रमात त्यांनी गावालाच कामाचे मालक केले. आधी श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि गावाची समिती, मग निधी. १९९३ मध्ये त्यांनी फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत ‘वॉटर’ ही संस्था स्थापन केली. बंधारा कुठे घालायचा हे तज्ज्ञ सांगेल, पण गाळ काढायला दरवर्षी गावच लागणार, एवढे साधे गणित यात आहे.

आज परदेशी स्वयंसेवक भारतात येऊ शकतो का?

येऊ शकतो, पण नियम कडक आहेत. मोबदला न घेता जास्तीत जास्त एक महिन्याचे स्वयंसेवी काम ई-टुरिस्ट व्हिसावर चालते. त्याहून अधिक काळ नोंदणीकृत संस्थेत काम करायचे, तर एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो आणि त्यावर संस्थेचे नाव व ठिकाण नोंदवले जाते. मिशनरी व्हिसा हा निराळाच प्रकार आहे. परदेशी डॉक्टरला रुग्ण तपासायचे तर नॅशनल मेडिकल कमिशनची परवानगी हवी. संस्थेला परदेशी देणगी हवी असेल तर एफसीआरए नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेत येतो आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आतच ठेवावा लागतो.

आपल्याकडून कोणी जायचे म्हटले तर?

कोल्हापूरच्या नर्सला किंवा सिव्हिल इंजिनिअरला चर्चच्या युवा कार्यक्रमातून आफ्रिकेत किंवा आग्नेय आशियात जायचे असेल, तर ‘सेवा’ हा शब्द ऐकून लगेच हो म्हणू नये. तिकीट आणि विमा कोणाचा? व्हिसा कोणत्या प्रकारचा? आपली पदवी तिथे चालते का? कामात धर्मप्रचार अपेक्षित आहे का, आणि असेल तर तसे लेखी सांगितले आहे का? तिथल्या कोणाला आपण हे काम शिकवणार? शेवटच्या प्रश्नाला संस्थेकडे एखाद्या स्थानिक सहकाऱ्याचे नाव नसेल, तर सही करण्याआधी ते मागून घ्यावे.