शस्त्रक्रियागृहातील आग : तीन घटक आणि आवश्यक दक्षता

शस्त्रक्रिया सुरू असताना रुग्णाच्या अंगावर किंवा श्वासमार्गात आग लागणे ही दुर्मिळ, परंतु अत्यंत गंभीर दुर्घटना आहे. भुलीखाली असलेल्या रुग्णाला स्वतःचा बचाव करता येत नाही. त्यामुळे ती टाळण्याची संपूर्ण जबाबदारी शस्त्रक्रियागृहातील पथकावर येते.

ईथर आणि सायक्लोप्रोपेन ही ज्वालाग्राही भूलद्रव्ये पूर्वी अशा आगींना कारणीभूत ठरत. १९५६ मध्ये ज्वलनशील नसलेल्या हॅलोथेनचा वापर सुरू झाल्यानंतर ती हळूहळू मागे पडली. धोका मात्र नाहीसा झाला नाही. त्याचे स्वरूप बदलले.

आगीसाठी तीन घटक एकत्र यावे लागतात. ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइड हे ज्वलनास साहाय्य करणारे वायू भूलतज्ज्ञांच्या नियंत्रणात असतात. विद्युत कॉटरी व लेसर ही उष्णतेची साधने शल्यचिकित्सक हाताळतात. अल्कोहोलयुक्त जंतुनाशक, आच्छादनाची वस्त्रे आणि कोरडे बोळे हे इंधन प्रामुख्याने परिचारिकांच्या देखरेखीखाली असते. म्हणूनच या तिघांमधील संवाद निर्णायक ठरतो.

हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. चेहरा, मान किंवा छातीच्या वरच्या भागावरील शस्त्रक्रियेत नाकातील नळीद्वारे ऑक्सिजन दिल्यास तो आच्छादनाखाली साचतो आणि लहानशी ठिणगीही भडका उडवू शकते. त्यामुळे ऑक्सिजनचे प्रमाण शक्यतो ३० टक्क्यांहून कमी ठेवावे आणि अधिक आवश्यक असल्यास तो श्वासनलिकेतील नळीसारख्या बंदिस्त मार्गाने द्यावा, असे तज्ज्ञ सुचवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २०१८ मध्ये याविषयी रुग्णालयांना सावध केले होते.

अल्कोहोलयुक्त जंतुनाशक लावल्यानंतर त्वचा किमान तीन मिनिटे सुकू द्यावी. केसाळ भागास याहून बराच अधिक वेळ लागतो. वापरात नसलेली कॉटरी तिच्या आवरणात ठेवावी आणि ठिणगीच्या जागेजवळील बोळे ओले असावेत.

आग लागलीच, तर वायूंचा पुरवठा तत्काळ बंद करून पेटलेली वस्त्रे दूर करावीत आणि सलाइन ओतावे. श्वासमार्गातील आगीत नळी विनाविलंब बाहेर काढणे अत्यावश्यक असते. या कृतीसाठी काही क्षणच हाती असल्याने, प्रत्येकाने काय करायचे हे पहिला छेद घेण्यापूर्वीच निश्चित झालेले असणे आवश्यक आहे.