मध्ये उभं राहण्याची सोय

“ओटा असा केळ्यासारखा वाकडा का काढलाय?” साताऱ्याहून आईने फोनवर विचारलं. घराचं काम निघालं होतं आणि इंटिरियर करणाऱ्या मुलीने स्वयंपाकघराचा ‘थ्री-सिक्स्टी व्ह्यू’ काढून दिला होता. मी तो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून तसाच पुढे ढकलला. आईच्या मोबाईलवर उमटली ती एक आडवी पट्टी, उंचीच्या बरोब्बर दुप्पट रुंद. ओटा वाकलेला, डोक्यावरचा पंखा वरच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत चोपडलेला, खालची फरशी धिरड्याच्या पिठासारखी पसरलेली. त्यात रेंडर, म्हणजे संगणकावर घडवलेलं ते चित्र, चुकलेलं नव्हतं आणि आईचे डोळेही ठणठणीत होते. ते चित्र समोर धरून बघायचं नव्हतंच. त्याच्या मधोमध उभं राहून मान फिरवत बघायचं होतं, आणि मध्ये उभं राहण्याची सोय मी पाठवलीच नव्हती.

ही सोय करण्याचा खटाटोप सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे. एडिंबरात राहणाऱ्या रॉबर्ट बार्कर या आयरिश चित्रकाराने 1787 मध्ये चारी दिशांच्या चित्राचं पेटंट घेतलं. ‘पॅनोरमा’ हा शब्द अजून घडायचा होता, तो चारेक वर्षांनी आला. गंमत म्हणजे या पेटंटात रंग-कुंचल्यापेक्षा इमारतीचीच चर्चा जास्त आहे. चित्र गोल भिंतीवर आतून लावायचं, उजेड वरून सोडायचा, प्रेक्षकाला खालच्या वाटेने थेट मधल्या चौथऱ्यावर आणायचं, त्याला भिंतीजवळ जाऊ द्यायचं नाही, आणि चित्राची वरची-खालची कड त्याच्या नजरेला पडणार नाही असा आडोसा करायचा. 1793 मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरजवळ बार्करने खास अशी गोल इमारत उभी केली. तिकीट काढून लोक लोटले. मग इतरांनीही हात धुऊन घेतले. टिपू सुलतान 1799 मध्ये पडला आणि 1800 साली रॉबर्ट केर पोर्टर या चित्रकाराने श्रीरंगपट्टणच्या लढाईचं सुमारे 120 फूट लांबीचं चित्र लंडनकरांसमोर मांडलं.

आजच्या वेबवरच्या पॅनोरमाला कारागिरी लागते ती याच आडोशांसाठी. कॅमेऱ्याने काढलेल्या पॅनोरमात पायाखाली तिपाई दिसते, म्हणून तिथे कंपनीचा गोल शिक्का चिकटवतात. बार्करचा आडोसाच तो, फक्त जाहिरातीच्या कामाला लावलेला. संगणकावर घडवलेल्या रेंडरला तिपाई नसते, फोटो जोडल्याचे सांधे नसतात, खोली अजून बांधलेलीही नसते. ब्लेंडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येसुद्धा पॅनोरमा काढणारा कॅमेरा असतो. तो कल्पनेतल्या खोलीच्या मध्ये ठेवायचा आणि रात्रभर संगणक चालू ठेवायचा. खिडकीतून येणारा उजेड ग्रॅनाइटवर कसा पडेल, डब्यांच्या सावल्या कुठे जातील, हा सगळा जड हिशेब स्टुडिओतल्या यंत्रावर एकदाच होतो. बघणाऱ्याच्या मोबाईलला तयार चित्र नुसतं फिरवायचं असतं. म्हणून साध्या हँडसेटवरही खोली खरी वाटते.

याची किंमत मात्र मोजावी लागते. मान मोकळी असते, पण पाय बांधलेले. एक पाऊल पुढे टाकून कपाटामागे डोकावता येत नाही. दुसऱ्या जागेवरून बघायचं तर तिथून दुसरा पॅनोरमा काढायचा आणि दोहोंच्या मध्ये बाणाचं बटण ठेवायचं. आणखी एक खोड माझ्या लक्षात आली आहे. कॅमेरा बहुधा उंच पुरुषाच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवला जातो, आणि तिथून बघितलं की ओटा बुटका वाटतो. स्वयंपाकघराचा व्ह्यू काढणाऱ्याने आधी त्या घरात पोळ्या कोण करतं त्याची उंची विचारावी.

आता ती वाकडी पट्टी. पृथ्वीचा गोल उलगडून आयताकृती नकाशा करतात तोच हा प्रकार. अक्षांश उभे मोजायचे, रेखांश आडवे. आडवे 360 अंश, उभे 180, म्हणून दोनास एक हे प्रमाण. ही पद्धत टायरच्या मरिनसची, असं टॉलेमी लिहून गेला आहे, म्हणजे ती एकोणीसशे वर्षांपूर्वीची. नकाशात उत्तर ध्रुवाचा एक बिंदू जसा वरच्या सबंध रेषेवर ताणला जातो, तसाच आमचा पंखा ताणला गेला होता. पट्टी पुन्हा गोल करून देणाऱ्या प्रोग्रामला व्ह्यूअर म्हणतात. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका कुठल्या दिशेला बघतोय हे तो काढतो, त्या दिशेचे अक्षांश-रेखांश ठरवतो आणि पट्टीतला त्या जागचा रंग आणून बसवतो. आजच्या मोबाईलच्या पडद्यावर वीस-पंचवीस लाख ठिपके असतात, आणि बोट फिरत असताना हे सगळं सेकंदाला साठेक वेळा व्हावं लागतं.

हिशेब अवघड नाही. तो कुठल्या घरात करायचा, हाच घोळ पंचवीसेक वर्षं चालला. अ‍ॅपलचं क्विकटाइम व्हीआर 1990 च्या दशकाच्या मध्याला आलं. सुरुवातीला ते चित्र नळकांड्यावर गुंडाळायचं, त्यामुळे छत आणि जमीन बघता येत नसे. पुढे घनाकृती चित्रंही आली. पण बघणाऱ्याकडे क्विकटाइमचं प्लगइन हवं. जर्मनीतले प्राध्यापक हेल्मुट डेर्श यांनी पॅनोरमा टूल्स ही साधनं लिहून फुकट वाटली आणि सोबत जावाचा व्ह्यूअरही दिला. त्याला जावा हवं. मग फ्लॅश आलं आणि बिल्डरांच्या वेबसाइटी त्यात न्हाऊन निघाल्या. आयफोनवर फ्लॅश चालणार नाही, हे स्टीव्ह जॉब्झ यांनी एप्रिल 2010 मध्ये जाहीर पत्र लिहून ठणकावलं. क्विकटाइम टेनने 2009 मध्ये जुने व्हीआर पॅनोरमा वाऱ्यावर सोडले, क्रोमने 2015 मध्ये जावाचा दरवाजा बंद केला आणि 31 डिसेंबर 2020 ला अ‍ॅडोबीने फ्लॅशच मोडीत काढलं. प्रत्येक वेळी चित्रं शाबूत राहिली, पण ती दाखवणारी घरं पडली. ज्यांनी मूळ पट्टी जपून ठेवली नव्हती त्यांच्या हाती काही उरलं नाही.

मार्च 2011 मध्ये वेबजीएलचं पहिलं प्रमाण प्रसिद्ध झालं आणि ब्राउझरला मोबाईल-संगणकातल्या ग्राफिक्स चिपशी थेट बोलता येऊ लागलं. प्लगइनची कटकट संपली. आयफोनच्या सफारीत ते सप्टेंबर 2014 मध्ये, आयओएस 8 बरोबर पोचलं. या पायावर बरेच व्ह्यूअर उभे राहिले, काही विकतचे, काही मोफत. माझा जीव त्यातल्या पॅनेलमवर आहे. मॅथ्यू पेट्रॉफ यांनी तो लिहिला. पेट्रॉफ यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, विश्वाच्या आरंभीचं सूक्ष्मलहरींचं प्रारण मोजणाऱ्या क्लास दुर्बिणींवर काम केलं. सबंध आकाश म्हणजे मध्ये उभं राहून बघायचा आद्य पॅनोरमा, तेव्हा हा माणूस या वाटेला गेला याचं नवल वाटत नाही. 2019 मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरला वाहिलेल्या एका शोधपत्रिकेत पॅनेलमवर छोटा लेख लिहिला. दाबून बांधला तर सगळा प्रोग्राम एकवीस केबीच्या आसपास बसतो. परवाना एमआयटीचा, म्हणजे कुणीही घ्या, धंद्यालाही वापरा. आपल्या सर्व्हरवर चित्र ठेवायचं, शेजारी पॅनेलमच्या दोन फाइली ठेवायच्या, चार ओळी लिहायच्या. बाण, माहितीचे ठिपके, एका खोलीतून दुसरीत उडी, सगळं त्यात आहे.

लेख इथे संपवता आला असता, पण सोपं म्हणून हातात घेतलेलं काम घरोघरच्या मोबाईलवर गेलं की काय होतं, ते सांगायला हवं.

पहिला फटका जवळजवळ सगळ्यांनाच बसतो. पॅनोरमाचं फोल्डर झिप करून गिऱ्हाइकाला मेल केलं जातं. गिऱ्हाईक ते उघडतं, पानावर डबल क्लिक करतं, आणि समोर येतो काळा चौकोन. प्रोग्राम बिघडलेला नसतो. संगणकावरून थेट उघडलेल्या पानाला शेजारची चित्रफाइल ग्राफिक्स चिपकडे नेऊ द्यायची नाही, असा ब्राउझरचा नियम आहे. दुसऱ्या वेबसाइटवरचं चित्र परवानगीशिवाय उचलण्यावरही तशीच बंदी आहे. वेबजीएलच्या आडून परक्या साइटवरचं चित्र चोरून वाचता येतं, हे 2011 मध्ये सुरक्षातज्ज्ञांनी करून दाखवलं आणि ब्राउझरवाल्यांनी दार लावून घेतलं. बंदी रास्त आहे. तेव्हा पॅनोरमा झिप करून पाठवू नये, सर्व्हरवर चढवावा आणि लिंक पाठवावी.

दुसरी अडचण आकाराची. 8192 गुणिले 4096 ठिपक्यांचं रेंडर जेपीईजीमध्ये पाच-दहा एमबीत मावतं, म्हणून आपण निर्धास्त असतो. ग्राफिक्स चिपला जेपीईजीशी देणंघेणं नाही, तिला चित्र पूर्ण उलगडून लागतं. साडेतीन कोटींच्या जवळपास ठिपके, प्रत्येकाला चार बाइट, म्हणजे 128 एमबी. त्यात जुन्या मोबाईलच्या चिपा 4096 ठिपक्यांहून रुंद चित्र घेतच नाहीत. चित्र फारच मोठं असलं तर ते तुमच्या उपकरणाला झेपत नाही, असं पॅनेलम सरळ सांगून मोकळा होतो. आता चित्र निम्मं करून 4096 वर आणलं तर? समोर 60 अंश दिसत असतील तर त्यातले जेमतेम 680 ठिपके वाट्याला येतात आणि पडद्याची रुंदी 1080. ग्रॅनाइटचा सांडगा होतो.

यावरचा तोडगा सुंदर आहे. गोल चित्राची सहा बाजूंची पेटी करायची: चार भिंती, छत, जमीन. एकेक बाजू 2048 ठिपक्यांची केली की जुन्या चिपेलाही घास गिळता येतो, आणि ध्रुवाकडे उगाच ताणलेले ठिपके वाचतात ते वेगळेच. मग प्रत्येक बाजूचे 512 च्या मापाचे तुकडे करायचे, एका बाजूला सोळा, सहांचे मिळून शहाण्णव, आणि त्याच चित्राच्या लहान, धुरकट आवृत्त्याही सोबत ठेवायच्या. मोबाईल आधी धुरकट चित्र दाखवतो आणि नजर जिकडे वळेल तिकडचेच बारीक तुकडे मागवतो. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये गाव मोठं करताना हेच घडतं. पॅनेलमसोबत हे तुकडे पाडून देणारी पायथनची स्क्रिप्ट मिळते, आणि ती ज्या हगिन नावाच्या मोफत सॉफ्टवेअरचं अवजार वापरते, ते डेर्श यांच्या त्या पॅनोरमा टूल्सवरच वाढलेलं आहे. जावा गेलं, पण त्यांचं गणित अजून राबतंय.

तिसरी तऱ्हा आयफोनची. मोबाईल हातात धरून स्वतःभोवती फिरलं की चित्रही फिरतं, ही खरी जादू. ती आतल्या गायरोस्कोपमुळे होते. मोबाईलच्या हालचालींवरून माणसावर पाळत ठेवता येते, या शंकेने अ‍ॅपलने 2019 च्या मार्चमध्ये सफारीतली ही सोय मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. त्याच वर्षी आयओएस 13 पासून बघणाऱ्याने बटण दाबून परवानगी दिली तरच ती चालते. पान ‘एचटीटीपीएस’ने उघडलेलं हवं, आणि पॅनोरमा दुसऱ्या पानातल्या चौकटीत बसवला असेल तर त्या चौकटीलाही परवानगी लिहून द्यावी लागते. आयफोनवर व्हिडिओ सोडून दुसरं काही पूर्ण पडदाभर करता येत नाही, तेव्हा तिथे चौकटीपेक्षा स्वतंत्र पानाची लिंक बरी. इतके दरवाजे ओलांडूनही जादू न चालली तर बोटाने सरकवणं आहेच. माझं मत असं की सुरुवात बोटानेच करावी. पाहुण्याला आल्या आल्या परवानगीचा अर्ज भरायला लावू नये.

पॅनोरमा आता अपरिचित राहिलेला नाही. जुलै 2022 पासून स्ट्रीट व्ह्यूवर मुंबई, पुणे, नाशिक, अहिल्यानगरच्या (तेव्हाच्या अहमदनगरच्या) रस्त्यांवरून बोटाने हिंडता येतं. परदेशातली मराठी मंडळी तर न बांधलेल्या फ्लॅटमध्ये लिंकवरूनच वावरतात. आईला मी दुसऱ्यांदा पाठवली तीही लिंकच. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करतं आणि ‘हा पॅनोरमा आहे’ ही फाइलच्या पोटातली चिठ्ठी काढून टाकतं, हे तोवर शिकून झालं होतं. तिने बोटाने स्वयंपाकघर एकदा फिरवून पाहिलं. वाकड्या ओट्याचा विषय निघाला नाही. “शेगडीच्या मागेच खिडकी? वाऱ्याने गॅस विझेल,” एवढंच म्हणाली. खिडकी दोन फूट सरकली.

तेव्हा कुणाकडून असा व्ह्यू करून घेत असाल तर एक करा. नुसत्या लिंकवर समाधान मानू नका. लिंक म्हणजे भाड्याचं घर, मालकाने कुलूप लावलं की बाहेर. पैसे देण्याआधी मूळ दोनास एक पट्टी पूर्ण मापात, न दाबता, मागून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपनेच मागवणार असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.