विदूषकाचे दुःख
लोकांना हसविणारा नट घरीही विनोदी असतो काय? या प्रश्नाला बहुधा एका आख्यायिकेने उत्तर दिले जाते. खिन्न रोग्याला वैद्य ग्रिमाल्डीचा खेळ पाहावयास सांगतो. तो रोगीच ग्रिमाल्डी असतो. लंडनच्या जोसेफ ग्रिमाल्डीला (१७७८–१८३७) पत्नीवियोग व पुत्रवियोग घडला, १८२८ मधील निरोपाच्या प्रयोगात जर्जर देहामुळे खुर्चीवर बसूनच काम करावे लागले, हे खरे. परंतु हीच कथा फ्रान्समधील देब्युरोविषयीही सांगतात. तेव्हा तिच्यातून नटाच्या स्वभावापेक्षा प्रेक्षकाची अपेक्षाच अधिक व्यक्त होते. हास्यामागे अश्रू शोधताना त्या हास्यामागील साधना मात्र दुर्लक्षित राहते. विनोद ही कमावलेली विद्या आहे. ती जाणणारा घरी हसरा असेल, गंभीर असेल किंवा केवळ थकलेला असेल.