किनाऱ्यालगत (लेखांक 6) : चिंबईपाशी वाट का तुटते?

भरतीरेषा कागदावर कशी उतरते ते मागच्या आठवड्यात पाहिले. आता त्या रेषेच्या काठाकाठाने चालू. त्यासाठी बांद्र्याइतकी बोलकी जागा मुंबईत दुसरी नाही. लँड्स एंडच्या पोर्तुगीज किल्ल्यापासून (बांधकाम 1640 चे) समुद्र डाव्या हाताला ठेवून उत्तरेकडे निघालात की आधी बँडस्टँडचा विहारपथ लागतो. मग सेंट अँड्र्यूज चर्चमागची चिंबई, पुढे जॉगर्स पार्क आणि तिथून थेट खारदांड्यापर्यंत कार्टर रोड. नकाशात ही पट्टी सलग दिसते. चालताना मात्र चिंबईत फरसबंदी संपते आणि गल्लीबोळ सुरू होतात.

फिरायला येणाऱ्याला हे काम अर्धवट राहिल्यासारखे वाटते. माझ्या मते तिथे वाट नाही तेच बरे आहे. पण त्याकडे येण्याआधी, जिथे वाट आहे तिथे ती कशी झाली ते पाहायला हवे.

आज जिथे सकाळी धावणाऱ्यांची गर्दी असते, तिथल्या खडकांवर एके काळी राडारोडा आणि कचरा पडत असे. शहराने समुद्राकडे पाठ केली की किनारा परसदार होतो आणि परसदारात काय टाकतात हे सांगायला नको. जॉगर्स पार्क 1990 मध्ये उभे राहिले तेही अशाच कचऱ्याच्या जागी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून बँडस्टँड आणि कार्टर रोडच्या रहिवासी संघटना पुढे आल्या, वास्तुरचनाकार पी. के. दास यांनी आराखडे केले आणि तेव्हा राज्यसभेत राष्ट्रपतिनियुक्त खासदार असलेल्या शबाना आझमी यांच्या खासदार निधीतून पैसे मिळाले. इथे नियमाचा एक बारकावा आहे. लोकसभेच्या खासदाराने आपला निधी मुख्यतः स्वतःच्या मतदारसंघात खर्च करायचा असतो. राष्ट्रपतिनियुक्त सदस्याला मात्र देशातला कुठलाही जिल्हा निवडता येतो. हा निधी त्या काळी वर्षाला 2 कोटी होता आणि तो टिकाऊ मालमत्ता उभारण्यासाठी असतो, रोजच्या देखभालीसाठी नव्हे. म्हणजे कठडा बांधायला पैसे मिळतात, पण त्याच कठड्याचा गंज काढायला ते दुसरीकडून आणावे लागतात. खाऱ्या हवेत साधे लोखंड किती टिकते, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला विचारा. महापालिकेच्या जोडीला रहिवाशांची टिकून राहणारी संघटना लागते ती इथे. उद्घाटनाला हार घालणारे पुष्कळ मिळतात.

बांधकामाचा मुद्दा थोडक्यात. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. पावसाळ्यात त्यावर लाटांची उंची चढते. उभ्या भिंतीवर आदळलेली लाट परत फिरताना पायथ्याची वाळू उकरून नेते. भिंत शाबूत राहते, पुळण जाते. उतारावर रचलेल्या मोठ्या दगडांच्या फटींत तीच लाट मोडते आणि तिचा जोर विरतो. खडकाळ किनाऱ्यावर, जिथे मुळात पुळण नाही, तिथे रस्त्याच्या कडेने वाट काढली तर समुद्राचे फारसे बिघडत नाही. बँडस्टँडचे काळे खडक ओहोटीला उघडे पडतात. वाट त्यांच्या वरच्या बाजूने जाते, त्यांच्यावरून नाही. कार्टर रोडलगत तिवरे आहेत. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरतोडीला बंदी घातली आणि त्यांच्याभोवतीच्या 50 मीटरच्या पट्ट्यात बांधकामालाही. तिवरांमुळे समुद्र दिसत नाही, असे कुणी म्हणेल. तिवरे त्याच कामासाठी उभी असतात, समुद्राच्या आणि आपल्या मध्ये.

आता चिंबई. हे कोळ्यांचे आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचे जुने गावठाण. इथे वाळूचा उतार आहे, आणि होडी ओढायला उतारच लागतो. भरतीच्या वेळा पाहून होडी पाण्यात लोटायची, परतल्यावर वर घ्यायची, जाळी पसरून फाटके भाग विणायचे, मासळी वाळत घालायची, जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या शाकारून ठेवायच्या. ही सगळी कामे त्याच चिंचोळ्या पट्टीत होतात. तिथे कमरेएवढा कठडा आणि तीन मीटर रुंद फरसबंदी घातली, तर सकाळी चालणाऱ्याला अर्धा किलोमीटर जास्त मिळेल आणि कोळ्याचा कारखाना बंद पडेल. बरे, वाट झाली की तिच्या नियमावल्या येतात: वास नको, जाळी अंथरू नका, रात्री अमुक वाजता बाहेर पडा. ‘लोकसहभाग’ हा शब्द अशा वेळी तपासून घ्यावा. संघटना बांधायला वेळ, ओळखी आणि पत्रव्यवहाराची सवय लागते. ती समुद्राकडे खिडकी असलेल्यांकडे जास्त असते. त्यांनी बांद्र्यात केलेले काम मोलाचे आहे, त्यात शंका नाही. पण किनाऱ्यावर त्यांच्या आधीपासून कोण आहे, हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या पानावर हवा.

तो उशिरा विचारला की काय होते, ते वरळीत दिसले. कोस्टल रोडच्या पुलाच्या दोन खांबांमधले अंतर आधी 60 मीटर ठरले होते. क्लीव्हलँड बंदरातून ये-जा करणाऱ्या कोळ्यांनी, एवढ्यातून वाऱ्यावादळात होड्या काढता येणार नाहीत, असे सांगून 160 मीटरची मागणी केली. दीर्घ आंदोलनानंतर 120 मीटर मान्य झाले, तेही काम सुरू होऊन बराच काळ लोटल्यावर. तेवढ्यासाठी आराखडा बदलावा लागला. आरंभीच वरळी कोळीवाड्यात बसून विचारले असते, तर हे उत्तर एका दुपारीत मिळाले असते.

एखाद्या लहान बंदरगावात अशी वाट आखायची झाली, तर मी नकाशा उघडण्यापूर्वी वर्षभराची नोंद ठेवायला सांगेन: उधाणाला पाणी कुठवर येते, भांगाच्या दिवसांत किती मागे राहते, होड्या कुठे लागतात, गणपती कुठून विसर्जनाला उतरतात, पावसाचे पाणी कुठल्या नाल्याने समुद्रात जाते. या जागा आधी रिकाम्या सोडायच्या. उरेल तिथून वाट न्यायची. मध्ये तुटली तर गावातून वळवायची. चिंबईच्या गल्लीतून कार्टर रोडला जाता येतेच, चार पावले जास्त पडतात एवढेच.

पुढच्या लेखांकात : वाळूची भर, बंदराच्या धक्क्याने एका बाजूची पुळण कशी खाल्ली जाते.