विमान लहान झाले, रंग कसा लहान करणार?

निफाड तालुक्यातील सायखेड्याला गोदावरीच्या पुलावर उभे राहिले की कधीकधी आकाशातून मोठा गडगडाट ऐकू येतो. आवाजाच्या दिशेने मान वर करावी तर तेथे काहीच नसते; विमान केव्हाच पुढे निघून गेलेले असते. ते बहुधा ओझरचे असते. ओझर याच तालुक्यात. तेथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली स्थापन झाला. १९६६-६७ पासून १९८७ पर्यंत तेथे मिग-२१ तयार झाली. पुढे मिग-२७ आणि २००४ पासून सुखोई-३० एमकेआय ही विमाने बांधली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क १-ए विमानाने उड्डाण केले.

यांपैकी मिग-२१ ची गोष्ट निराळी आहे. १९६३ साली ते भारतीय हवाई दलात आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे त्याला निरोप देण्यात आला. आता ते आपल्या हवाई दलाच्या ताफ्यात नाही. एखाद्या संग्रहालयात किंवा चौकातील चौथऱ्यावर ते दिसेल, आणि तुम्ही मनावर घेतले तर तुमच्या टेबलावरही दिसेल. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा संच मिळतो. भाग कापायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. चिकटवण्याचे काम दोन संध्याकाळी होते. खरी परीक्षा रंगाची.

हे संच बहुधा १/७२ या प्रमाणात असतात. ७२ हा आकडा विचित्र वाटेल, पण तो फूट-इंचांतून आला आहे. १ इंच म्हणजे ६ फूट, आणि ६ फुटांचे इंच होतात ७२. मिग-२१ च्या पंखांचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार ७.१५ मीटर. त्याला ७२ ने भागा. उत्तर येते जेमतेम १० सेंटीमीटर. म्हणजे विमान तुमच्या तळहातावर मावते.

लांबी, रुंदी, उंची अशी ७२ ने भागता येते. रंगाचे मात्र तसे नाही. खऱ्या विमानावर रंगाचा थर साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. प्रतिकृतीवर तो ०.००१४ मिलिमीटर हवा. प्रकाशाच्या दोनतीन तरंगलांब्या एकापुढे एक ठेवल्या तर एवढी जाडी होते! पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइडचे कण एकावर एक रचले तर पाचसहा कणांतच ती भरून जाईल. असा थर ब्रशाने देणे कोणालाच शक्य नाही. आपण देतो तो थर सहज ०.०५ मिलिमीटरचा होतो. आता उलट गुणाकार करा: ०.०५ गुणिले ७२ म्हणजे ३.६ मिलिमीटर. खऱ्या विमानावर कोणी एवढा जाड लेप थापला तर पत्र्यांचे सांधे आणि रिव्हेटांच्या खुणा सारे बुजून जाईल. घाईने रंगवलेली प्रतिकृती खेळण्यासारखी का दिसते, ते या गुणाकारात आहे.

म्हणून पहिला नियम असा की रंग पातळ हवा. ताकाइतका नव्हे, दुधाइतका. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर बरे, आणि प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. येथे ‘वाळणे’ या शब्दाने फसू नका. रंगात तीन पदार्थ असतात: रंग देणारी भुकटी, तिला धरून ठेवणारे बंधक आणि दोघांना पातळ करणारे विद्रावक. एनॅमल रंगातील विद्रावक काही तासांत उडून जाते आणि हाताला रंग लागेनासा होतो. पण त्याचे बंधक हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू कडक होत जाते. त्याला काही दिवस लागतात. त्याआधी दुसरा थर दिला तर खालचा थर पुन्हा मऊ होऊन ब्रशाबरोबर ओढला जातो. प्रतिकृती नाकाजवळ नेली असता रंगाचा वास येत असेल तर आणखी थांबा. पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगात एवढी वाट पाहावी लागत नाही. त्याला उग्र वासही नसतो. म्हणून नवशिक्यांनी त्यानेच सुरुवात करावी.

विद्रावक निवडताना चूक झाली तर ती सुधारता येत नाही. माझे पहिले मिग मी असेच घालवले. हिरवा रंग थोडा बाहेर गेला, तो पुसायला मी ताईचे नेलपॉलिश काढायचे द्रव्य घेतले. रंग निघालाच, पण पंखही मऊ पडला आणि माझ्या अंगठ्याचा ठसा त्यावर कायमचा उमटला. संचाचे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. थर्मोकोलही त्याच पदार्थाचे. त्या द्रव्यातील ॲसिटोन पॉलिस्टायरीनला विरघळवते. गंमत अशी की संच जोडण्याचा डिंक याच गुणावर चालतो. तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि विद्रावक उडाल्यावर एकजीव होतात. जे जोडते तेच बिघडवते. कोणतेही नवे द्रव्य आधी सांगाड्याच्या उरलेल्या तुकड्यावर लावून पाहावे. ही द्रव्ये ज्वालाग्राही असतात आणि त्यांची वाफ डोके दुखवते. म्हणून खिडकी उघडी ठेवून, विस्तवापासून दूर आणि घरातील मोठ्या माणसांना सांगूनच काम करावे.

रंगवण्यापूर्वी सर्व भाग साबणाच्या पाण्याने धुवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेले तेल त्यांवर असते, शिवाय आपल्या बोटांचेही असते. तेलकट जागी रंग पसरत नाही. पृष्ठताणामुळे तो अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होतो.

आता रंग कोणता द्यायचा? येथे थोडा इतिहास पाहावा लागतो. आपली सुरुवातीची मिग-२१ एफएल विमाने न रंगवलेल्या धातूच्या चकाकीतच उडत असत. ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तो आतल्या धातूचे रक्षण करतो. शिवाय रंग नाही म्हणजे तेवढे वजनही नाही. पण चकाकणारे विमान जमिनीवर उभे असले की वरून शत्रूला लांबून दिसते. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास यांतील अनेक विमानांवर घाईघाईने हिरवा रंग चढवला गेला. तेव्हा खोक्यावरचे चित्र डोळे मिटून खरे मानू नका. तुम्ही कोणत्या वर्षाचे विमान करीत आहात ते आधी ठरवा, आणि त्या वर्षाचे छायाचित्र शोधा.

छद्मरंगाचे विमान नीट पाहिले तर त्याची पाठ गडद आणि पोट फिके दिसते. नदीतल्या माशाचेही तसेच असते. प्रकाश वरून येतो, त्यामुळे पाठ उजळते आणि पोट सावलीत जाते. रंग उलटे असले की दोन्ही सारखेच भासतात आणि आकार सपाट वाटू लागतो. ॲबट थायर या अमेरिकन चित्रकाराने १८९६ साली प्राण्यांमधील ही युक्ती मांडली.

दोन रंगांच्या सीमेवर मास्किंग टेप लावतात. तरीही टेपखाली रंग शिरतो, कारण टेप आणि प्लॅस्टिक यांमधील बारीक फट केशनलिकेसारखी रंग ओढून घेते. उपाय सोपा आहे. टेपची कडा नखाने दाबा आणि तिच्यावरून आधी खालच्याच रंगाचा एक हात फिरवा. शिरायचा तो रंग शिरेल आणि फट बंद होईल. खालचा रंग तोच असल्याने कोणाला दिसणारही नाही. मग वरचा रंग द्या.

जुने छंदिष्ट सांगतात की मूळ छटा प्रतिकृतीवर काळपट दिसते, म्हणून तीत थोडा पांढरा मिसळावा. सल्ला योग्य आहे. त्याचे कारण मात्र ते हवेतील धूसरपणा असे देतात, ते मला पटत नाही. प्रतिकृती आपण ३० सेंटीमीटरवरून पाहतो. ७२ ने गुणले तर खरे विमान २१.६ मीटरवरून पाहण्यासारखे झाले. हे अंतर क्रिकेटच्या खेळपट्टीहून थोडेसेच जास्त आहे. एवढ्याशा हवेत रंग फिका पडत असता तर गोलंदाजाला फलंदाजही धुकट दिसला असता! खरे कारण उजेडाचे असावे. भर उन्हात प्रकाशाची तीव्रता १ लाख लक्सपर्यंत जाते, घरातल्या ट्यूबलाइटखाली ती काही शेच असते. खऱ्या विमानाला सूर्य उजळतो, आपल्या विमानाला ट्यूबलाइट. शंका असेल तर तीच प्रतिकृती अंगणात उन्हात ठेवून पाहा.

रंग मुळीच महत्त्वाचा नसतो अशीही प्रतिकृती एके काळी होती. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून १/७२ प्रमाणाच्या ५ लाख लाकडी विमानांची मागणी केली आणि सगळी काळी रंगवायला सांगितली. सैनिकांना आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते हे ओळखायला शिकवायचे होते. उजळ आकाशापुढे दूरचे विमान काळ्या आकृतीसारखेच दिसते. अशी प्रतिकृती ३५ फुटांवर धरली की ती सुमारे अर्ध्या मैलावरील विमानासारखी भासे.

शेवटी हवाई दलाचे वर्तुळचिन्ह: बाहेर केशरी, मध्ये पांढरे, आत हिरवे. ते पातळ पापुद्र्यावर छापलेले असते. पाण्यात भिजवले की खालचा डिंक सुटतो आणि चिन्ह सरकवून बसवता येते. पण खडबडीत रंगावर ते बसवले तर खड्ड्यांत हवा अडकते आणि पापुद्रा रुपेरी दिसू लागतो. हवा आणि पापुद्रा यांचे अपवर्तनांक वेगळे असल्याने त्यांच्या सीमेवर प्रकाश परावर्तित होतो. म्हणून आधी चकचकीत वार्निश द्यावे, मग चिन्ह लावावे, आणि ते वाळल्यावर सगळ्यावर मॅट वार्निश द्यावे. चंदेरी विमानाला हा शेवटचा हात अर्थातच देऊ नये.

आणि चंदेरी विमान करीत असाल तर नाकाचा शंकू एकदा तपासा. तो हिरवा असतो. त्याच्या आत रडार असते, आणि रडारच्या लहरी धातूतून पार जात नाहीत. म्हणून तो शंकू धातूचा नसतो. शेपटीच्या वरच्या टोकाचेही तसेच. तेथे चंदेरी रंग गेला असेल तर ओला असतानाच पुसून घ्या.